शनिवारी ठेवलेलं बी

कोंडखार, ८ जून २०२५

मिरियमकाकी,

दर महिन्याचं पत्र बाबा सांगतात आणि मी लिहून घेते, हे तुम्हाला माहीत आहे. या वेळी मी एकटीच लिहिते आहे. बाबा उघाडीवर गेले आहेत. बांधातल्या त्या दरवाजाची एक फळी निखळली आहे आणि भरतीचं पाणी आत येतं.

यंदा पाऊस मे महिन्यातच आला. कोणाचीच तयारी नव्हती. त्यातच अमावास्येचं उधाण आलं आणि उघाडीजवळ बांधाला खांड पडली. खाडीचं पाणी खाचरांतून थेट गिरजाबाईंच्या अंगणापर्यंत आलं. तुमच्या वेळी बांध फुटला की घरटी एक माणूस जायचा, असं बाबा सांगतात. आता पोरं डोलवीला किंवा धाटावला कारखान्यांत शिफ्टमध्ये असतात. गावकीच्या हैबतरावांनी मोबाइलच्या ग्रुपवर निरोप टाकला. अंगठे पुष्कळ आले, माणसं चार आली. चारही साठीच्या पुढची. त्यांनी मातीची पोती टाकून खांड कशीबशी बुजवली.

गिरणीत नवीन यंत्र बसलं. भात सोलायला रबरी रोल आणि पुढे पॉलिशर. जुन्या हलरमध्ये तांदूळ फार तुटायचा, आता कणी बरीच कमी पडते. पण भात आणणारीच माणसं कमी झाली आहेत. अर्धं गाव रेशनचा तांदूळ खातं आणि खारीतली बरीच जमीन पडीक आहे. तरी मी बाबांना यंत्र घ्यायला लावलं, कारण गिरण चांगली असेल तर बाहेरच्या गावांचं भात येईल असा माझा अंदाज आहे.

शनिवारी गिरण बंद असते. इस्रायलला जाताना निसीमकाकांनी गिरण बाबांच्या हवाली केली, तेव्हा घातलेली शब्बाथची ती एकच अट बाबा पाळतात.

गिरजाबाईंचं राता भाताचं बी उधाणात भिजू नये म्हणून गिरणीत ठेवलेलं होतं. त्यांनी ते सोमवारी नेलं. पोतं तोंड बांधलेलं, जसं ठेवलं होतं तसंच होतं. परवा बी भिजवून, मोड आणून त्यांनी पेरलंसुद्धा.

तुमच्या मशिदीचं कुलूप ठीक आहे, दारावरच्या पाटीतलं 'सिनेगॉग' मात्र पुसट झालं आहे. आदिवासी वाडीवरची पुतळी दर शुक्रवारी गिरण झाडून झाली की पायऱ्या झाडते. मागच्या भिंतीला ओल आली आहे, पाऊस उघडला की बाबा बघतील.

तुमचे गुडघे कसे आहेत? नथानियलला आणि मुलांना आठवण सांगा.

नूतन


कोंडखार, २९ जून

मिरियमकाकी,

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही विचारलंत, "गिरजाच्या पोत्याचं तोंड बांधलेलं होतं हे मला अश्दोदला कशाला कळवलंस?" काही विशेष कारण नव्हतं. पत्र भरायला लिहिलं.

इथली बातमी चांगली नाही. गिरजाबाईंचं रोप जळलं. चार बोटं वर आलं, मग शेंडे पिवळे पडले आणि आठवड्यात सगळं खाचर गवताच्या राखेसारखं दिसायला लागलं. मी माझ्या धाटावच्या कंपनीतून मीटर आणून खाचरातल्या पाण्याचा खारटपणा मोजला. आकडा इतका वर होता की कोणतंही साधं भात तिथे तगणार नाही. राता तगतो. खाऱ्या पाण्यात उभा राहतो म्हणूनच तर तो खारीत लावतात. तरीही इतक्या खारटात राताही जगला असता असं खात्रीने सांगता येत नाही. हे मी बाबांना सांगितलं.

गिरजाबाईंनी पोत्याच्या तळाशी उरलेलं मूठभर बी घेतलं आणि नखाने एक दाणा सोलला. आत पांढरा निघाला. राताचा दाणा आत लाल असतो. त्या तशाच चिखलाच्या पायांनी गिरणीत आल्या.

"महिपती, ह्ये माझं बी नाय."

बाबा म्हणाले, "तुझंच पोतं, तुझ्याच लुगड्याची चिंधी बांधलेली. तूच सोडलंस ना?"

"पोतं माझं. आतलं माझं नाय. बघ की, पांढरं हाय. कोणीतरी माझं काढलं आन ह्ये भरलं."

"गिरणीत कोण येतंय, गिरजे? शनवारी तर बंद होती."

"बंद व्हती तर झाडायला कोण आलं व्हतं?"

पुतळी तेव्हा दाराशी तूस भरत होती. तिने टोपली खाली ठेवली.

"मी शुक्रवारी झाडलं, पोती यायच्या आधी. उजेड व्हता तवाच घरी गेले."

"किल्ली कुठं ठेवतात ती तुला ठाऊक हाय."

"गावाला ठाऊक हाय. कुत्र्याला पण ठाऊक हाय. त्येला विचार."

"त्वांड बघा हिचं."

"माझं त्वांड हाय तसंच हाय. तुझं बी खाऊन लाल झालंय का बघ."

एवढ्यात माणसं जमली. पुतळीने बी पेणच्या बाजारात विकलं आणि स्वस्तातलं भात भरून ठेवलं, असं कोणीतरी म्हणालं. कोण म्हणालं ते मला कळलं नाही. हैबतराव म्हणाले, वाडीवर जाऊन बघू, म्हणजे शंका राहायला नको. गेले. मीही बरोबर होते.

काही सापडलं नाही. काही सापडलं नाही म्हणून लोकांची खात्रीच झाली.

आता लावणी सुरू झाली आहे. ज्यांची खाचरं उंचावर आहेत त्यांना माणसं हवी आहेत आणि मिळत नाहीत. तरी पुतळीला कोणी बोलावत नाही. गिरणीतही ती येत नाही. बाबा मशिदीच्या पायऱ्या स्वतः झाडतात. पुतळीची आई तुमच्याकडे होती, नथानियलला तिनेच न्हाऊमाखू घातलं, हे मला माहीत आहे. म्हणून कळवलं.

माझी जनरल शिफ्ट आहे. रोह्याच्या खोलीवर राहते, शुक्रवारी रात्री गावी येते.

नूतन


रोहा, १३ जुलै

मिरियमकाकी,

हे पत्र खोलीवरून लिहिते आहे. बाबांना ते माहीत नाही.

आधीच्या दोन पत्रांतलं एकही वाक्य खोटं नाही. ती पुन्हा वाचून पाहिली. पहिल्या पत्रात मी लिहिलं की शनिवारी गिरण बंद असते आणि बाबा अट पाळतात. दोन्ही खरं आहे. ३१ मेच्या शनिवारी गिरण मी चालवली.

कारण सांगते. ते पुरेसं नाही, तरी सांगते. माझी सुट्टी शनिवारी असते. यंत्र बसवणारा माणूस रोलमधलं अंतर अंदाजाने ठेवून गेला होता आणि मला ते मोजून लावायचं होतं. बाबांसमोर केलं असतं तर प्रत्येक वेळी "राहू दे गो, चाललंय की" ऐकावं लागलं असतं. एकटीने, शांतपणे, आकडे टिपत करायचं होतं. आणि मला वाटायचं, ज्यांच्यासाठी गिरण बंद ठेवायची ती माणसं गाव सोडून गेली. मशिदीत प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, इथे एक नाही. मग ही सुट्टी कोणाची? शनिवारी बाबा आत्याकडे जातात. मी किल्ली घेतली. पावसाचा पत्र्यावर असा आवाज होता की मोटार कोणाला ऐकू गेली नाही.

बाबा म्हणाले होते, ट्रायलला एक पोतं ओट्यावर काढून ठेवलंय. ओट्यावर पाच-सहा पोती होती. हाताशी होतं ते मी हॉपरमध्ये ओतलं.

आता जे सांगते ते गावातल्या पोराटोरांना माहीत आहे, मला माहीत नव्हतं. मी दहावीनंतर लोणेऱ्याला होस्टेलवर गेले, मग कंपनीत. उधाण शुक्रवार-शनिवारी असलं की खालच्या आळीतली माणसं आपलं मोलाचं सामान शुक्रवारी दिवेलागणीला गिरणीत आणून ठेवतात. बी, शिवणाचं मशिन, लग्नाची भांडी. गिरण उंचावर आहे हे एक. पण उंचावर शाळाही आहे. गिरणीतच ठेवतात, कारण शनिवारी तिथे पट्टा फिरत नाही आणि कोणी हात लावत नाही. तुम्ही गेल्यावर त्यांनी तुमच्या शनिवाराला हे काम लावून घेतलं. बाबांनी मला हे सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती, कारण शनिवारी गिरणीत कोणी जातच नाही.

पॉलिशरच्या तोंडातून गुलाबी तांदूळ पडायला लागला तेव्हा मी स्विच बंद केला. हॉपर तोवर रिकामा झाला होता. गावात राता एकाच घरी उरला आहे हे तेवढं मला माहीत होतं.

त्या वेळी आत्याच्या घरी फोन करून बाबांना सांगता आलं असतं. मी गिरण झाडली. लाल कोंडा खाडीत टाकला. दुसऱ्या दिवशी पेणला गेले आणि बियाण्याच्या दुकानात तसल्याच तपकिरी टरफलाचं भात शोधलं. दुकानदाराने विचारलं, जमीन कशी आहे? मी म्हटलं, साधी. खारी म्हटलं असतं तर त्याने दुसरं दिलं असतं आणि त्याचा रंग जुळला नसता. मला रंग जुळवायचा होता. पोतं भरलं, चिंधी होती तशी बांधली. दाणा आतून कसा आहे ते मी पाहिलं नाही. कंपनीत एखादा नमुना न तपासता कोणी पुढे पाठवला तर मी त्याला चार माणसांत बोलते.

भरडलेला तांदूळ फेकवेना. बादलीत भरून रोह्याला आणला. इथे वैशाली नावाची मुलगी माझ्याबरोबर राहते, तीही धाटावलाच आहे. दोघी तोच शिजवत होतो. ती एकदा म्हणाली, "नूतन, हा भात कुठला ग? नुसतं मीठ घालून खावासा वाटतो." मी म्हटलं, गावचा. मागच्या बुधवारी तो संपला.

आता दुसऱ्या पत्रातलं वाक्य. मीही बरोबर होते, असं लिहिलं होतं. पुतळीच्या घराला खिडकी नाही. दुपार होती, पण आभाळ भरलेलं होतं आणि आत काही दिसत नव्हतं. हैबतराव म्हणाले, "उजेड धर गो जरा." मी मोबाइलचा टॉर्च लावला. त्या उजेडात गिरजाबाईंनी हंडा उलटा केला, गोधड्या झटकल्या, चुलीमागे गाडगं होतं त्यातली सुकट जमिनीवर ओतली. पुतळी दारात उभी होती. ती म्हणाली, "अजून वर बघा, कौलांत बघा." मी उजेड कौलांवर धरला.

त्या घरात बी नाही हे तिथल्या सगळ्यांत दोघींनाच माहीत होतं. दुसरी पुतळी.

तुम्ही माफ करावं म्हणून लिहीत नाही. गिरण तुमची आहे, तिथे काय झालं ते तुम्हाला कळायला हवं. गावात सांगण्याची हिंमत अजून झालेली नाही. का, ते नीट सांगता येत नाही. बाबांना शंका आहे असं वाटतं. ते हल्ली माझ्याशी बोलताना यंत्राकडे बघतात.

नूतन


कोंडखार, ३ ऑगस्ट

मिरियमकाकी,

नथानियलने मोबाइलवर तुमचा आवाज पाठवला. तो मी खोलीवर ऐकला, मग गावी येऊन बाबांना सगळं सांगितलं आणि तो ऐकवला. तुम्ही म्हणालात, "शनवारचं माझं मी देवाशी बघून घेईन. तो माझ्या ओळखीचा हाय. तू वाडीवर जा." बाबा हसले आणि मग उठून परसात गेले. परत आले तेव्हा म्हणाले, "आधी गिरजाकडे. चल, मी येतो."

गिरजाबाई पडवीत जाळं शिवत होत्या. यंदा खाचर पडीकच आहे, म्हणून खाडीला जातात. त्यांचा मुलगा डोलवीला ठेकेदाराकडे असतो. जमीन विकून टाक म्हणून तो मागे लागला आहे. दोन-तीन वर्षं भात नाही लावलं तर तिथे तिवरं, खारफुटीची झाडं, उगवतील, आणि एकदा ती उगवली की कायद्याने तोडता येत नाहीत, मग ती जमीन शेताची राहत नाही. हे सगळं मला माहीत होतं. म्हणून मी फिरवून न बोलता सांगितलं.

"गिरजाबाई, तुमचं बी मी भरडलं. गिरणीत. शनिवारी."

"काय बोलतेस गो?"

"पोत्यात भरलेलं ते पेणहून मी आणलेलं होतं. पुतळीने काही केलं नाही."

त्यांनी सुई जाळ्यात खोवून ठेवली. बाबांकडे बघितलं. बाबा खाली बघत होते.

"मग तांदूळ कुठं हाय?"

"खाल्ला. मी. रोह्याला."

त्यांनी जाळं बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "कसा लागला?"

मी म्हटलं, "चांगला."

"लागणारच. सासऱ्याच्या सासऱ्यापासनंचं बी हाय ते." मग पदराने तोंड पुसलं. "व्हायचं ते झालं. हातून झालं. तू काय मुद्दाम करशील? तुला काय कमी हाय? बस. चा टाकते."

मी चहा घेतला, काकी. तिथे बसून, कपबशीत. दोन महिने मी ज्याला घाबरत होते ते एका कपात मिटलं. हैबतराव आले, त्यांनाही कळलं. ते म्हणाले, "पोरीची जात हाय, शिकलेली हाय, उद्या लग्न व्हायचंय. नाव खराब नको. विषय संपला." संध्याकाळपर्यंत गावात त्याचा विनोद झाला. दुकानावर कोणीतरी मला विचारलं, "नूतन, आमचं पण बी चाखून बघतेस का?" आणि सगळे हसले. रागाने कोणीही हसलं नाही.

मी गिरजाबाईंना म्हटलं होतं, पुतळीला सांगायला हवं, तुम्ही चला.

"तिला कशाला सांगायचं? तिचं काय गेलं? भांडी व्हती तिथंच हायत."

"तिच्यावर आळ आला."

"आज नाय तर उद्या तिनं केलंच असतं."

चहा देणारा हात तोच होता.

वाडीवर मी एकटी गेले. पुतळी दारात खेकडे निवडत होती. मला बघून उठली नाही.

"आता कशाला आलीस? लावणी झाली."

मी सगळं सांगितलं. ती आधी हसली.

"म्हंजे तुझ्या बापानं नाय विकलं?"

"बाबांनी?"

"मला वाटलं त्यानंच विकलं. किल्ली त्याची, गिरण त्याची. आरं देवा. महिनाभर शिव्या घातल्या त्याला, सकाळ-संध्याकाळ. सगळ्या फुकट गेल्या का गो?"

मग खेकड्याच्या नांग्या बांधता बांधता थांबली.

"त्या दिवशी उजेड तू धरला व्हतास."

"हो."

"ठाऊक असून."

"हो."

मी म्हटलं, तू गिरणीत परत ये, मी सगळ्यांना सांगितलं आहे, आणखी काय करू ते सांग. हे म्हणताना मला वाटत होतं की ती काहीतरी मागेल आणि मी ते देईन. तिने जे मागितलं ते माझ्या मनातही आलं नव्हतं.

"झाडणं राहू दे. मला तुमचं घर बघायचंय."

"म्हणजे?"

"म्हंजे झडती. तुमी माझं बघितलंत. मी तुमचं बघते. माणसं तीच पायजेत. हैबत पायजे, गिरजाबाय पायजे. आन उजेड तूच धरायचा."

हैबतराव ऐकेनात. वाडीवरची बाई महिपतीच्या माजघरात हात घालणार म्हणजे काय, असं म्हणाले. बाबा कधी आवाज चढवत नाहीत, तो चढवला नाहीच. "मी घर उघडून ठेवतोय," ते म्हणाले. "यायचं तर या. नाय आलात तर ती बाई पुन्हा येईल, मी पुन्हा उघडीन." हैबतराव आणि गिरजाबाई आले ते बहुतेक तिला थांबवायलाच आले.

काल, शनिवारी, पुतळी आली. बरोबर वाडीवरच्या दोघी. दारात माणसं मावेनात. आमच्या घराला खिडक्या आहेत, ट्यूबलाइट आहे. तरी मी मोबाइल धरून उभी राहिले.

तिने स्वयंपाकघरातला एकेक डबा उघडला आणि कोपरापर्यंत हात घातला. "साखर. रवा. ह्ये काय हाय, वास येतोय? एवढे डबे आन खाणारी दोन माणसं." दारातून कोणीतरी हसलं. तीही हसली. तिने पिंप उलटं केलं, गाद्या झटकल्या, गेलेल्या आईचं लुगडं घडी मोडून बघितलं आणि टाकलं. बाबा देवघराशी उभे होते. त्यांनी स्वतः देवाखालचा कप्पा ओढून दिला.

मग माझं कपाट. खालच्या कप्प्यात मी जे ठेवते ते कोणाला दाखवत नाही. ते काय आहे ते तुम्हालाही लिहीत नाही. पुतळीने ते बाहेर काढलं. "उजेड धर," म्हणाली. मी धरला. हैबतरावांनी बघितलं, दारातल्या माणसांनी बघितलं. तिने ते जमिनीवर ठेवलं आणि पुढच्या कप्प्यात हात घातला.

"पुरे गो पुतळे," गिरजाबाई म्हणाल्या.

पुतळी वळली नाही. "माझ्याकडं कोण म्हणलं व्हतं पुरे?"

तिने शेवटचा कप्पा संपवला, मगच ती उठली आणि हात पुसले.

"नाय सापडलं. आता काय म्हणायचं? विकलं म्हणायचं?"

गिरजाबाई खाली बघून काहीतरी बोलल्या.

"मोठ्यानं. तवा मोठ्यानं बोललीस."

"पुतळीनं नाय घेतलं."

"कोणाला सांगतेस?"

गिरजाबाईंनी मान वर केली, दारातल्या माणसांकडे वळल्या आणि म्हणाल्या, "माझं बी पुतळीनं नाय घेतलं. मी तिच्या घरात उगा हात घातला." पुतळीने मान हलवली, जसं बाजारात वजन बरोबर आहे असं बघून हलवतात. बाबा तिला म्हणाले, "चा घेऊन जा." ती म्हणाली, "नको," आणि तिघी गेल्या. ती गिरणीत परत येईल की नाही ते माहीत नाही. मी विचारलं नाही.

राता आमच्या गावात आता नाही. बाबा खाडीपलीकडच्या गावांत विचारत आहेत. अजून कोणाकडे निघालेला नाही.

लोक गेल्यावर शेजारची किमया आणि तिची आई धावत आल्या. "बिचारी गो, काय अवस्था केली पोरीच्या घराची," असं म्हणत किमयाची आई माझे कपडे उचलायला लागली. त्यांना माझी खरंच दया आली होती. मी त्यांना परत पाठवलं.

हे पत्र जमिनीवर बसून लिहिते आहे. गादी उलटी आहे, डबे उघडे आहेत, रव्याला मुंग्या लागल्या आहेत. आज सकाळी बाबांनी विचारलं, आवरायला किती वेळ लागेल? मला सांगता आलं नाही. पुतळीचं घर एवढंसं आहे. ते तिने कधी आवरलं, एकटीने आवरलं का, सांडलेली सुकट उचलून पुन्हा वापरली का, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नाही. झडती संपल्यावर आम्ही थांबलो नव्हतो.

नूतन